सगळ्यांचा रविवार

जर्मनीला कामासाठी निघालेल्या माणसाला ऑफिसमधले आधी जाऊन आलेले लोक सगळ्यात पहिली गोष्ट सांगतात ती ही, की शनिवारी संध्याकाळच्या आत दूध, ब्रेड, भाजी, जे काही लागेल ते आणून ठेव, रविवारी काही म्हणजे काही मिळणार नाही. प्लगचा ॲडॅप्टर, थर्मल, इन्शुरन्स वगैरे सगळं त्यानंतर. मलाही तिघाचौघांनी हेच बजावलं, आणि प्रत्येकाच्या बोलण्यात थोडी काळजी होती की अख्खा दिवस ही काय करणार त्या बंद गावात. मला तो दिवस इतका आवडला की परत येऊन बरेच दिवस झाले तरी डोक्यातून जात नाहीये, म्हणून हे लिहितेय.

मी चाकणला एका कारखान्यात प्रॉडक्शन प्लॅनिंग बघते. आमच्याकडे एक नवीन ग्राइंडिंग मशीन येणार होतं, ते तिथून पॅक व्हायच्या आधी त्याची ट्रायल बघायची, आपले पार्ट लावून रीडिंग्ज घ्यायची, सह्या करायच्या, यासाठी ऑक्टोबरमध्ये स्टुटगार्टला जाणं झालं. सोबत क्वालिटीमधला एक सहकारी होता. मशीनवाल्यांचं वर्कशॉप शहराबाहेर, आणि आमच्या राहायच्या खोल्या शहराच्या पश्चिम भागात, शंभरेक वर्षांच्या जुन्या बिल्डिंगमध्ये. शुक्रवारी दुपारपर्यंत काम अर्धंमुर्धं झालं होतं, तेव्हा मी आपल्या सवयीने तिथल्या इंजिनियरला विचारलं, रविवारी आलो तर उरलेली रीडिंग्ज होतील का. तो अगदी सरळपणे म्हणाला की रविवारी कुणाला कामावर बोलवायचं तर कायद्यात बसेल असं कारण लागतं, परवानगी काढावी लागते, आणि तुमची रीडिंग्ज हे तसं कारण नाही. सोमवारी सकाळी सातला भेटू. एवढं बोलून तो बॅग घेऊन निघाला पण, त्याला मुलाला फुटबॉलला सोडायचं होतं.

शनिवारी संध्याकाळी जिन्यात मालकीणबाई भेटल्या. सत्तरीच्या पुढच्या असतील. बादली, फडकं, लांब दांड्याचा ब्रश असा सगळा सरंजाम घेऊन त्या तळमजल्यापासून जिना पुसत वर येत होत्या. त्या भागात बिल्डिंगमधल्या घरांनी आळीपाळीने एकेक आठवडा जिना आणि दारासमोरचा फुटपाथ झाडायचा अशी जुनी पद्धत आहे, ज्याची पाळी त्याच्या दाराला एक छोटी पाटी लटकवलेली असते. जिना पुसून झाल्यावर त्यांनी हात पुसले, आपल्या दाराची पाटी काढली आणि समोरच्या दाराला अडकवली. मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये मला म्हणाल्या, आता उद्या काही नाही. ते म्हणतानाचा त्यांचा चेहरा मला अजून आठवतो, मोकळा झालेला माणूस जसा दिसतो ना तसा.

रविवारी सकाळी खाली उतरले तर कोपऱ्यावर काचेच्या बाटल्या टाकायच्या मोठ्या टाक्या होत्या. पांढऱ्या काचेला वेगळी, हिरव्याला वेगळी, तपकिरीला वेगळी. त्यावर स्टिकर, की रविवारी आणि सणाच्या दिवशी बाटल्या टाकू नयेत. आवाज होतो म्हणून. घरात ड्रिल मशीन चालवायचं नाही, गवत कापायचं मशीन नाही, हे सगळं बिल्डिंगच्या नियमांच्या कागदावर आमच्या खोलीत फ्रेम करून लावलेलंच होतं. महामार्गांवर मोठे मालवाहू ट्रकसुद्धा रविवारी रात्री दहापर्यंत चालत नाहीत, थोडे अपवाद सोडले तर. स्टेशनच्या बाजूला गेलं की तिथे जमिनीखालच्या नवीन स्टेशनचं प्रचंड काम वर्षानुवर्षं चालू आहे, २०१० पासून, पण त्या सकाळी बघितलं तर एकूण एक क्रेन गप्प उभी होती. आणि स्टेशनच्या मागच्या टेकडीवर, म्हणजे भर शहरात, चक्क द्राक्षांचे मळे. बाहेरच्या माणसाला खरं वाटणार नाही पण स्टुटगार्ट हे असं वाटीत बसलेलं शहर आहे, आणि वाटीच्या कडेला कुठे घरं, कुठे जंगल, कुठे द्राक्षं. ऑक्टोबर असल्यामुळे पानं पिवळी पडायला लागलेली.

बेकरी मात्र उघडी होती, काही तासांपुरती. तेवढी सूट आहे त्यांना. रांगेत म्हातारी माणसं, पायजम्यावर जॅकेट चढवून आलेले बाप, कडेवर पोरं. कुणाला घाई नाही. मी एक ब्रेझेल घेतला, तो गाठ मारलेला खारट पाव, बाहेरून तकतकीत आणि मधल्या जाड भागात चीर दिलेली, त्या चिरेतून आतला पांढरा मऊ भाग दिसत होता आणि वाफ अजून येत होती. तो खात खात चालत राहिले.

हे सगळं बंद असणं म्हणजे नुसती पद्धत असेल असं मला आधी वाटायचं. पण ते थेट राज्यघटनेत आहे. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये जर्मनीची जी घटना झाली तिच्या १३९व्या कलमात लिहिलं की रविवार आणि मान्य सण हे कामापासून विश्रांतीचे आणि मनाच्या उन्नतीचे दिवस म्हणून कायद्याने राखले जातील. पुढे हिटलर आला, युद्ध झालं, देश उद्ध्वस्त झाला, आणि १९४९ मध्ये पश्चिम जर्मनीने नवीन घटना केली तेव्हा १४०व्या कलमाने हे जुनं कलम जसंच्या तसं उचलून आत घेतलं. इतक्या पडझडीतून काय काय वाचवायचं याच्या यादीत रविवार होता, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. आणि हे नुसतं कागदावर नाहीये. बर्लिन राज्याने नाताळच्या आधीच्या चारही रविवारी दुकानं उघडायला परवानगी दिली तर चर्चवाले कोर्टात गेले, आणि १ डिसेंबर २००९ ला घटना न्यायालयाने सांगितलं की असे सलग चारही रविवार उघडता येणार नाहीत, दुकानदाराला धंदा हवाय आणि लोकांना खरेदी करावीशी वाटते एवढं कारण पुरेसं नाही. त्या निकालातला एक मुद्दा मला सगळ्यात पटला. सुट्टी सगळ्यांना एकाच दिवशी असते म्हणूनच माणसं एकमेकांना भेटू शकतात, घर, मित्र, संघटना, राजकारण, देवधर्म हे सगळं त्या एका सामायिक दिवसावर उभं असतं.

हे वाचताना मला माझे बाबा आठवत होते.

आमचे बाबा भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये टर्नर होते. पिंपरी-चिंचवड, भोसरी पट्ट्यात वाढलेल्या कुणालाही विचारा, आमच्याकडे कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. विजेचा लोड एकाच दिवशी पडू नये म्हणून वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे वार वाटून दिले होते, आमच्या वाट्याला गुरुवार आला. लाईट जायची ती पण गुरुवारीच. आणि शाळेला सुट्टी रविवारी. म्हणजे गुरुवारी बाबा घरी असायचे तेव्हा आम्ही दोघी बहिणी शाळेत, आणि रविवारी आम्ही घरी तर बाबा सकाळी सातच्या पाळीला डबा घेऊन सायकलवर. सुट्टी बाबांना होती, आम्हालाही होती, कायद्याने प्रत्येकाला आठवड्यातून एक दिवस मिळत होताच, तक्रार करायला जागा नव्हती. पण गुरुवारी संध्याकाळी आम्ही शाळेतून यायचो तेव्हा बाबा कॉटवर बसून रेडिओ ऐकत असायचे, सगळा दिवस एकट्याने काढलेला, आणि आम्हाला बघून जे उठायचे ते पटकन चप्पल घालून चला चला म्हणायचे, कारण अंधार पडायला तासभरच उरलेला असायचा. लहानपणी हे असंच असतं असं वाटायचं. आता मला तो तास आठवला की बाबांचं आयुष्य त्या वाराच्या फरकाने किती खाल्लं ते कळतं.

आणि आईला तर कुठलाच वार नव्हता. बाबांचा गुरुवार म्हणजे घरी जास्तीचा चहा, दुपारचं गरम जेवण, मित्र आले तर भजी. आमचा रविवार म्हणजे शाळेचे कपडे, केस धुणं, आठवड्याचं दळण. दोन सुट्ट्यांचं काम तिच्या अंगावर. सगळे एकाच दिवशी घरी असते तर निदान एक दिवसाचं तरी कमी झालं असतं, आणि कदाचित कुणीतरी म्हणालं असतं की आज आपण सगळे मिळून करू.

असो. तर ब्रेझेल संपला तोपर्यंत मी लिडरहालेपाशी पोचले होते. हे तिथलं मोठं सभागृह, आताची इमारत युद्धानंतरची आहे, जुनं बॉम्बहल्ल्यात गेलं. तिथे मला मुद्दाम जायचं होतं कारण १९०७ च्या ऑगस्टमध्ये जगभरच्या समाजवादी पक्षांची मोठी परिषद याच शहरात भरली होती, आणि २२ ऑगस्टला तिथे मादाम भिकाजी कामांनी हिंदुस्थानचा झेंडा फडकवला. हिरवा, केशरी, लाल असे तीन पट्टे, वरच्या पट्ट्यात आठ कमळं, मधल्या केशरी पट्ट्यात देवनागरीत वंदे मातरम्. तो झेंडा पुण्यात केसरीवाड्यात आहे, आमच्या शाळेची सहल गेली होती तेव्हा काचेत बघितलेला, तेव्हा स्टुटगार्ट हे नाव पहिल्यांदा कानावर पडलं. कामाबाई मूळच्या मुंबईच्या, १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा आजाऱ्यांची सेवा करत होत्या, त्यांना स्वतःला प्लेग झाला, वाचल्या, आणि पुढे तब्येतीसाठी युरोपात गेल्या त्या तिथेच राहून स्वातंत्र्याचं काम करत राहिल्या.

मुंबईच्या त्या प्लेगमध्ये जे वाचले नाहीत त्यांच्यात एक नाव नारायण मेघाजी लोखंडेंचं. आणि आपला रविवार त्यांचा आहे. दरवर्षी १० जूनला व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड फिरतो, आपण वाचतो, अंगठा दाखवतो आणि पुढे जातो, पण त्या दिवशी तिथे मोकळ्या रस्त्यावर उभं राहून मला त्यांची आठवण वेगळ्याच जोराने आली. लोखंडेंचा जन्म १८४८ चा, ठाण्याचा, पण घराणं मूळ खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचं, म्हणजे आमच्या चाकणच्या शेजारचं. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले कार्यकर्ते, मुंबईत गिरणीमध्ये स्टोअरकीपर म्हणून काम केलेलं, दीनबंधू पत्राचे संपादक. तेव्हा गिरण्यांमध्ये दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, आणि आठवड्याची ठरलेली सुट्टी हा प्रकारच नाही. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली, बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन, आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारी कमिशनपुढे ठेवलं. मागण्या बघा किती साध्या होत्या, रविवारची सुट्टी, दुपारी जेवायला अर्धा तास, पगार महिन्याच्या १५ तारखेच्या आत. अर्धा तास जेवायला! सहा वर्षं ते मागत राहिले. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगारांची सभा झाली, त्यात दोन कामगार बायका बोलायला उभ्या राहिल्या. आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली.

रविवारच का, तर सरकारी कचेऱ्या बंद असायच्या हे आहेच, पण रविवार हा आपल्या खंडोबाचा वार. गिरणीतली बहुसंख्य माणसं घाटावरची आणि कोकणातली, कितीकांच्या घरी कुलदैवत खंडोबा. आई आम्हाला रविवारी निमगावच्या खंडोबाला घेऊन जायची, तेही खेड तालुक्यातच, बाबा कधीच सोबत नसायचे. भंडारा घेऊन घरी आलो की ते रात्री पाळीवरून येऊन कपाळाला लावायचे.

लिडरहालेपासून मी पुढे मारिएनप्लात्सला गेले. तिथून एक पिवळी दातेरी चाकाची गाडी निघते, दोन रुळांच्या मध्ये दातांची पट्टी, तिच्यात चाकाचे दात अडकवत अडकवत ती सरळ डेगरलोखच्या चढावर जाते. पुढे एक उघडी ट्रॉली असते सायकलींसाठी, लोक आपापली सायकल तिच्यात उभी करून मागे येऊन बसतात, वर गेल्यावर सायकल काढून जंगलात पसार. त्या रविवारी ट्रॉली खच्चून भरली होती. ही गाडी सुरू झाली १८८४ मध्ये, तेव्हा वाफेवर चालायची, म्हणजे ज्या साली लोखंडे परळला सह्या गोळा करत होते त्याच साली. मध्ये एका वळणावर घरं संपतात आणि खाली सगळं शहर दिसतं, वाटीच्या तळाला चर्चचे मनोरे, लाल छपरं, पलीकडच्या कडेला पुन्हा द्राक्षं. शेजारी बसलेल्या आजोबांनी नातवाला बोटाने काहीतरी दाखवलं, बहुतेक त्यांचं घर असावं, कारण पोरगं काचेला नाक लावून शोधत राहिलं.

वर उतरून टीव्ही टॉवरच्या बाजूने जंगलातून चालत निघाले. हा टॉवर १९५६ चा, २१७ मीटर उंच, काँक्रीटचा असा टॉवर जगात पहिला हाच, नंतर सगळ्यांनी तसे बांधले. पण मला जायचं होतं पुढे झिलेनबुखला, तिथलं वाल्डहाइम बघायला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्टुटगार्टच्या कामगारांनी वर्गणी काढून, स्वतःच्या हातांनी राबून शहराच्या कडेच्या जंगलात अशी घरं बांधली, रविवारी बायकामुलांना घेऊन जाता यावं म्हणून. खाली कोंदट खोल्या आणि कारखान्याचा धूर, वर झाडं आणि मोकळी हवा. झिलेनबुखचं १९०९ चं आहे, आता क्लारा झेटकिनच्या नावाने ओळखलं जातं. झेटकिनबाई तिथेच राहायच्या, कामगार स्त्रियांचं मासिक स्टुटगार्टमधून चालवायच्या, १९१० मध्ये आंतरराष्ट्रीय महिला दिनाचा ठराव मांडणाऱ्यांमध्ये त्या होत्या. १९३३ मध्ये नाझी आल्यावर कामगारांची ही घरं हिसकावून घेतली गेली. युद्धानंतर परत मिळाली.

गेले तर लांबच लांब लाकडी टेबलं, वर झाडांची सावली, पोरांसाठी झोके आणि घसरगुंडी, आत काउंटरवर जाऊन आपलं आपण घेऊन यायचं. मी श्पेट्झले घेतलं, तिथल्या मऊ छोट्या शेवयांसारखा प्रकार, त्यात भरपूर चीज आणि वरून परतलेला कांदा, पोटभर. टेबलावर जागा कमी म्हणून एका म्हाताऱ्या जोडप्यासमोर बसले. आजोबा आयुष्यभर कारखान्यात मिलिंग मशीनवर होते, इंग्लिश बऱ्यापैकी यायचं, आणि माझे बाबा टर्नर होते म्हटल्यावर एकदम खुलले. मग मशीनच्या गप्पा, टॉलरन्सच्या गप्पा, हाताला कळणारा मायक्रॉन वगैरे. मी गुरुवारची गोष्ट सांगितली. ते ऐकत राहिले, बायकोला जर्मनमध्ये सगळं परत सांगितलं, आणि मग मोबाईल काढून एक जुनं पोस्टर शोधून दाखवलं. १९५६ मध्ये तिथल्या कामगार संघटनांनी पाच दिवसांच्या आठवड्यासाठी मोहीम काढली होती, तेव्हाचं. एक छोटा मुलगा हात वर करून आपल्याकडे बघतोय आणि वाक्य असं की शनिवारी बाबा माझे. तेव्हा शनिवारीही काम असायचं. आजोबा म्हणाले हे पोस्टर लागलं तेव्हा मी त्या पोराएवढाच होतो.

मला पुढचं थोडा वेळ काही बोलता आलं नाही. कारण ते पोस्टर आमच्या भोसरीत कुणी लावलं असतं तर त्यावर माझा फोटो चालला असता, आणि माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांचा.

एक मात्र मी त्यांना विचारलं, की इथे किचनमध्ये जे आहेत, ट्रॅम चालवणारे, बेकरीतली मुलगी, त्यांचा रविवार कुठे जातो. आजी म्हणाल्या, जातो खरा, त्यांना आठवड्यात दुसरा दिवस मिळतो, पण म्हणूनच बाकीच्यांचा रविवार जपायचा, नाहीतर हळूहळू सगळेच त्यांच्या ओळीत जाऊन बसतील. हे त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटलं. दवाखाना, ट्रेन, पाणी, वीज बंद ठेवता येत नाही. पण दुकान बंद ठेवता येतं, ग्राइंडिंग मशीनची रीडिंग्ज थांबवता येतात. जिथे थांबता येतं तिथे थांबायचं, एवढं तर प्रत्येक गावाला जमण्यासारखं आहे.

माझा सहकारी संध्याकाळी भेटला तो वैतागलेला होता. त्याला मुलीसाठी बूट घ्यायचे होते, सोमवार ते शुक्रवार आम्ही वर्कशॉपमध्ये आणि दुकानं रात्री बंद, मग माणसाने घ्यायचं कधी. त्याचं खरं आहे. तिथल्या बऱ्याच तरुण लोकांनाही हे नको झालंय, दोघं नोकरी करणारे, एकटे राहणारे, त्यांना रविवारी बाजार हवा असतो, आणि ऑनलाईन दुकान तर कधीच बंद नसतं. मी त्याच्याशी वाद घातला नाही, पण मला वाटतं की बूट घ्यायला वेळ मिळत नाही यावर उत्तर आठवड्याचे तास कमी करणं हे आहे. बूट विकणाऱ्या मुलीला रविवारी उभं करून आपला वेळ वाढवायचा, म्हणजे तिच्या मुलीचा रविवार आपण घेतला. हे मी आज मोठ्या आवाजात म्हणायला तयार आहे, कारण पुण्यातल्या मॉलमध्ये रविवारी रात्री दहाला बिल करणारी पोरगी मला आता नुसती बिल करणारी दिसत नाही.

आपल्याकडचा कायदाही याबाबत वाईट नव्हता. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या ५२व्या कलमात आठवड्याची सुट्टी म्हणजे रविवारच धरलेला होता, आणि रविवारी कामावर बोलवायचं तर त्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत एक पूर्ण दिवस बदली द्यायचा. बदलीचा दिवस दिला की कागद पूर्ण. पण बदली दिवसाला शाळा सुरू असते, भाऊ कामावर असतो, लग्न रविवारीच असतं, बारसं रविवारीच असतं. माणूस घरी असतो आणि घर रिकामं असतं.

परतीच्या ट्रॅममध्ये मी हेच डोक्यात घेऊन बसले होते, कारण आमच्या असेंब्ली आणि पॅकिंगचं महिन्याचं रोस्टर माझ्याच टेबलवरून जातं. लाईन सातही दिवस चालते, वीकली ऑफ रोटेशनने. शीटमध्ये नाव, टोकन नंबर, शिफ्ट, ऑफचा वार. आतापर्यंत ते भरताना एकच बघायचं असायचं की कुठल्या दिवशी किती हेडकाउंट आहे. त्यात एक नवराबायको आहेत, दोघं कंत्राटी, तो पॅकिंगला आणि ती असेंब्लीला. त्याचा ऑफ मंगळवार, तिचा शुक्रवार. मुलगी तिसरीत आहे. हे मला माहीत आहे कारण ती एकदा डब्याच्या वेळी मुलीचं चित्र दाखवायला आली होती, घराचं चित्र, त्यात आई वेगळ्या खिडकीत आणि बाबा वेगळ्या खिडकीत.

सोमवारी सातला वर्कशॉपमध्ये हजर झालो, रीडिंग्ज दुपारपर्यंत पूर्ण झाली, मशीनवर सह्या झाल्या. रविवार थांबल्यामुळे काही अडलं नाही.

परत आल्यावर मी नोव्हेंबरच्या शीटमध्ये त्या दोघांचा ऑफ रविवारी टाकला. आमचे सुपरवायझर दादा म्हणाले, मॅडम, रविवारी एकदम दोन माणसं कमी पडतील, आणि मग बाकीचेही मागायला येतील. मी म्हटलं, येऊ देत की. रविवारचं टार्गेट शनिवार-सोमवारमध्ये वाटून बसवलंय, दोन आठवडे व्यवस्थित निघाले. आणि दादा म्हणाले तसंच झालं, पुढच्या आठवड्यात तिघंजण विचारायला आले, एकाची बायको शिक्षिका आहे, एकाच्या मुलाची दर रविवारी कुस्तीची तालीम असते, एकाचे वडील गावाहून फक्त रविवारीच येऊ शकतात. तिघांचीही नावं लिहून घेतली आहेत, डिसेंबरचं शीट वीस तारखेला लॉक होतं, त्याच्या आधी दादांबरोबर बसून बघायचंय की लाईन न थांबवता महिन्यातून निदान दोन रविवार कुणाकुणाला देता येतील, आणि एखादा रविवार अख्खी लाईनच बंद ठेवता येते का ते प्लँट हेडना विचारायचंय.